माल पोचेपर्यंत पैसे कुणाच्या हातात? ऑनलाइन खरेदी-विक्रीसाठी सुरक्षित पेमेंट सेवा कशी निवडावी

पूर्वी सोलापूरहून बाहेरगावी माल निघाला की बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टने दिलेली मालाची पावती, बँकेमार्फत जायची. घेणाऱ्याने त्याच्या गावच्या बँकेत पैसे भरायचे, मग बिल्टी हातात पडायची आणि ती दाखवून ट्रान्सपोर्टच्या गोदामातून गठ्ठे सोडवायचे. देणारा-घेणारा एकमेकांना कधी भेटलेले नसले तरी व्यवहार अडायचा नाही, कारण मधे बँक उभी असायची. आज तोच माल व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून आणि इन्स्टाग्रामवरून विकला जातो. साखर पेठेतल्या कारखान्यातली जकार्ड चादर, एमआयडीसीतले टॉवेल, जुळे सोलापुरात घरी केलेली शेंगा चटणी, कडक भाकरी, शाळेचे गणवेश, सगळं एका फोनवरून पुण्या-बंगळुरूला पोचतं. पैसे मात्र बऱ्याचदा या खात्यातून थेट त्या खात्यात पडतात आणि मधे कुणीच नसतं.

‘कुठलं ॲप सेफ आहे?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. मला तो अपुरा वाटतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमध्ये फोन आणि सिम खात्याशी बांधलेले असतात, वर पिन लागतो. कार्डाला ओटीपी आहे. बहुतेक फसवणुकीत ही यंत्रणा कुणी फोडतच नाही. माणसाला बोलण्यात गुंतवून त्याच्याच हाताने पिन टाकायला लावतात. म्हणून सेवा निवडताना आधी हे बघायचं: पैसे दिल्यापासून माल पोचेपर्यंत रक्कम कुणाच्या ताब्यात असते, आणि माल आलाच नाही तर ती परत मागण्याची नियमात बसणारी वाट आहे का. पुढचं सगळं या दोन प्रश्नांवरच उभं आहे.

पायरी १ : आधी तुमचा व्यवहार कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

ओळखीच्या दुकानातून चटणीचे दोन पुडे मागवणं, अनोळखी पेजवरून लग्नाच्या आहेराच्या पंचवीस चादरी मागवणं आणि हैदराबादच्या हॉटेलला पाचशे टॉवेल पाठवणं, या तिन्हींना एकच पेमेंट पद्धत चालत नाही. रक्कम किती, समोरचा किती ओळखीचा आणि माल किती दिवसांनी हातात पडणार, हे कागदावर लिहून काढा. पहिल्या व्यवहाराला थेट यूपीआय पुरेसं आहे. दुसऱ्याला मधे कुणीतरी हवं. तिसऱ्याला लेखी अटी आणि टप्प्याटप्प्याने पैसे हवेत.

पायरी २ : प्रत्येक मार्गावर पैसे कुठे थांबतात ते समजून घ्या

थेट यूपीआय, आयएमपीएस किंवा एनईएफटी केलं की रक्कम लगेच किंवा थोड्या वेळात समोरच्याच्या खात्यात पडते आणि तिथून ती त्याची होते. व्यवहार अडकला, म्हणजे तुमचे कापले गेले पण त्याला मिळाले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाने पैसे आपोआप परत यायला हवेत. दोन व्यक्तींमधल्या यूपीआय व्यवहाराला त्यासाठी पुढचा एक दिवस आणि दुकानदाराला केलेल्या पेमेंटला पाच दिवसांची मुदत आहे. त्यापेक्षा उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पण हे सगळं अडकलेल्या पैशांसाठी. नीट पोचलेल्या पैशांच्या बदल्यात माल आला नाही तर हा नियम उपयोगाचा नाही, आणि अनेकांचा गैरसमज नेमका इथेच असतो.

कार्डाचं तसं नाही. कार्डाने पैसे भरले आणि माल आला नाही, किंवा फाटका आला, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. बँक तो कार्डाच्या जाळ्यामार्फत (व्हिसा, रुपे वगैरे) विक्रेत्याच्या बँकेकडे नेते आणि विक्रेत्याला पुरावा द्यावा लागतो. यालाच चार्जबॅक म्हणतात. अनोळखी वेबसाइटवरच्या मोठ्या खरेदीला मी क्रेडिट कार्डच सुचवतो. वाद चालू असताना निदान तुमच्या बचत खात्यातली रक्कम गेलेली नसते. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्डाचा नंबर आपल्याकडे साठवायला मनाई आहे, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या जागी दिलेला सांकेतिक क्रमांक, वापरलं जातं. त्यामुळे ‘कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा’ म्हणणारा विक्रेता असेल तर संभाषण तिथेच संपवा.

पेमेंट ॲग्रिगेटर हा मधला माणूस. तुम्ही वेबसाइटवर किंवा पेमेंट लिंकवर पैसे भरता, ते आधी ॲग्रिगेटरच्या एस्क्रो खात्यात (दुसऱ्याचे पैसे तात्पुरते सांभाळण्याच्या वेगळ्या खात्यात) जमा होतात आणि मग विक्रेत्याला मिळतात. हे खातं शेड्यूल्ड व्यापारी बँकेतच असावं लागतं आणि कंपनीला त्यातले पैसे स्वतःच्या धंद्यात वापरता येत नाहीत. शिवाय दुकानदाराची कागदपत्रं आणि पार्श्वभूमी तपासणं हे ॲग्रिगेटरचं काम असतं. नुसता पेमेंट गेटवे मात्र फक्त तंत्र पुरवतो, पैशाला हात लावत नाही. बोलताना लोक दोन्हींना गेटवे म्हणतात, पण सेवा घेताना हा फरक विचारून घ्या.

मोठ्या मार्केटप्लेसवर परताव्याची मुदत ठरलेली असते आणि विक्रेत्याला त्यांच्या वेळापत्रकानुसार पैसे मिळतात. खरेदीदाराला सगळ्यात निवांत मार्ग हाच. ‘इथे कमिशन जातं, बाहेर थेट पाठवा, दोनशे कमी घेतो’ असं कुणी म्हणालं तर त्या दोनशे रुपयांपायी ते सगळं संरक्षण सोडून द्यावं लागतं.

कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे शेवटपर्यंत तुमच्याकडे राहतात, पण पुष्कळदा पार्सल उघडण्याआधीच ते मोजावे लागतात. आत नकली चादर निघाली तर कुरियरवाला जबाबदार नसतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी त्या नावाखाली दुसरीकडचा माल सर्रास विकला जातो. म्हणून उघडून दाखवण्याची सोय असेल तर ती घ्याच.

पायरी ३ : परवाना स्वतःच्या डोळ्यांनी बघा

याला दहा मिनिटं लागतात आणि ही पायरी गाळू नका. पेमेंट पान उघडलं की तळाशी किंवा ‘अटी व शर्ती’मध्ये कंपनीचं नोंदणीकृत नाव सापडतं. ब्रँडचं चमकदार नाव वेगळं आणि ‘अमुक प्रायव्हेट लिमिटेड’ वेगळं; आपल्याला दुसरं हवं. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर पेमेंट ॲग्रिगेटरांची यादी आहे. परवाना मिळालेल्या कंपन्या एकीकडे, अर्ज विचाराधीन असलेल्या दुसरीकडे आणि अर्ज परत गेलेल्या किंवा मागे घेतलेल्या तिसरीकडे दिसतात. नाव पहिल्या गटात आहे का तेवढं बघायचं. २०२० च्या नियमांनी ॲग्रिगेटरला अर्जाच्या वेळी किमान १५ कोटी रुपयांचं नक्त मूल्य (नेटवर्थ) आणि पुढे २५ कोटींची अट घातली, त्यामुळे कुणीही उठून दुकान थाटू शकत नाही.

त्याच नियमांतल्या दोन गोष्टी रोजच्या वापरात कामाला येतात. ऑनलाइन पेमेंटसाठी एटीएमचा पिन मागायला बंदी आहे; मागितला तर पान खोटं समजा. आणि परतावा मूळ ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जायला हवा, ग्राहकाने स्वतः दुसरं काही मान्य केलं नसेल तर. म्हणून ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा’ हे वाक्य आलं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावं लागत नाही.

बँकेच्या वेबसाइटचा पत्ता आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतो का ते बघा, रिझर्व्ह बँकेने बँकांना हे बदलण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून कधीही घेऊ नका. ॲपच्या आतून किंवा कार्डाच्या पाठीवरून घ्या.

पायरी ४ : खरेदी करताना

पैसे पाठवण्याआधी पडद्यावर आलेलं नाव वाचा. ३० जून २०२५ पासून यूपीआय ॲपना समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव दाखवावं लागतं, आणि एनईएफटी-आरटीजीएसलाही नाव तपासण्याची सोय आली आहे. पेज ‘अस्सल सोलापुरी हातमाग’ म्हणतंय आणि नाव भलत्याच कुणाचं येतंय, तर थांबा आणि विचारा. खरा कारखानदार सरळ सांगेल की खातं बायकोच्या किंवा भावाच्या नावावर आहे, जीएसटी नंबर देईल, बिल पाठवेल. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव आणि पत्ता दिसतो. खाण्याचा पदार्थ असेल तर पाकिटावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक हवा.

पहिल्यांदा घेताना एकच नग मागवा. आहेराच्या पंचवीस चादरी हव्या असतील तर आधी एक मागवून वजन, काठ आणि धुतल्यावरचा रंग बघा, मग बाकीची ऑर्डर द्या. पूर्ण रक्कम आगाऊ मागणाऱ्याला पेमेंट लिंक मागा. परवानाधारक ॲग्रिगेटरची लिंक देणाऱ्याची कागदपत्रं कुणीतरी तपासलेली असतात. निव्वळ मोबाइल नंबरवर पैसे पाठवताना तसा काहीच आधार नसतो.

आणि ऑनलाइन खरेदीसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात लागेल तेवढीच रक्कम टाका. पगाराचं किंवा मुदत ठेवींचं खातं यूपीआयला जोडू नका. साधी गोष्ट आहे, पण नुकसानीला आपोआप कुंपण पडतं.

पायरी ५ : विकताना

विक्रेत्यांना कुणी फारसं सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

सगळ्यात जास्त गंडवणूक स्क्रीनशॉटने होते. ‘पेमेंट केलंय दादा, पाठवा लगेच, गाडी निघाली आहे’ आणि सोबत हिरव्या टिकचा फोटो. हुबेहूब दिसणारे खोटे पडदे तयार करणारी ॲप आहेत, आणि ‘खात्यात जमा’ असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरूनही पाठवता येतो. म्हणून माल बांधण्याआधी स्वतःच्या बँकेचं ॲप उघडायचं, जमा रक्कम बघायची आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक जुळवायचा. दुकानात साउंडबॉक्स बोलला तरच पुडा द्यायचा. बायको किंवा कामगार काउंटरवर असतील तर त्यांनाही हेच शिकवा. घाईच्या वेळी, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर आवर्जून.

यातच दुसरा प्रकार येतो. ‘१,५०० ऐवजी चुकून १५,००० गेले, वरचे परत करा ना ताई.’ आधी मेसेज येतो, मग रडवेला फोन. खात्यात रक्कम आलेलीच नसते. आणि कधी खरोखर आलेली असेल तर ती तिसऱ्याच कुणाच्या लुबाडलेल्या खात्यातून आलेली असू शकते. हातोहात परत पाठवायचं नाही. ॲग्रिगेटरकडून आली असेल तर त्यांच्या डॅशबोर्डवरून मूळ मार्गानेच रिफंड करायचा. थेट खात्यात आली असेल तर बँकेत लेखी कळवायचं आणि बँकेमार्फतच परत करायचं.

लुबाडलेले पैसे तुमच्या खात्यातून फिरले तर काय होतं हे प्रत्येक छोट्या विक्रेत्याने समजून घ्यायला हवं. दूरच्या कुठल्या राज्यातल्या माणसाची फसवणूक होते, त्याच पैशाने चोर तुमच्याकडून टॉवेल विकत घेतो, तक्रारीचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत पोचतात आणि ती रक्कम, कधी पूर्ण खातंच, गोठतं. तुम्ही निर्दोष असता, पण ते दाखवायला बिल, कुरियरची पावती, पोच झाल्याची नोंद आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं लागतं. म्हणून धंद्याचं चालू खातं वेगळं आणि घरखर्चाचं वेगळं. एक अडकलं तरी मुलांची फी आणि किराणा थांबत नाही.

आता सेवा निवडताना काय विचारायचं. खर्च आधी. बँकेच्या यूपीआय क्यूआरवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंट घेण्याबद्दल दुकानदाराकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. ॲग्रिगेटर मात्र आपल्या सेवेचं शुल्क घेतो, साधारण २ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. १,५०० रुपयांच्या चादरीवर २ टक्क्यांनी ३० रुपये, त्यावर ५ रुपये ४० पैसे कर. हातात १,४६४ रुपये ६० पैसे येतात. भाव लावताना हे धरा, ग्राहकाकडून वरून मागू नका. क्रेडिट कार्ड आणि हप्त्यांचा दर वेगळा असू शकतो, तो लेखी घ्या.

मग सेटलमेंट. पैसे दुसऱ्या दिवशी येतात की तिसऱ्या, सुट्टीला काय होतं, नव्या दुकानदाराची रक्कम काही काळ रोखून धरतात का, रिफंड केल्यावर कापलेलं शुल्क परत मिळतं का. सूत आणायला रोख लागणाऱ्या माणसाला दोन दिवसांचा उशीरही जड जातो. एका सेवेने अर्धा टक्का कमी घेतला आणि पैसे आठवडाभर अडकवले तर ती स्वस्त नाही, महागच आहे.

चार्जबॅकचीही तयारी ठेवा. ग्राहकाने ‘माल मिळाला नाही’ म्हटलं की कंपनी तुमच्याकडे पुरावा मागते आणि उत्तर द्यायला दिवस मोजकेच असतात. पॅकिंग करताना फोन टेबलावर उभा करून व्हिडिओ घ्या: चादरीचं लेबल, डिझाइन, घडी, खोक्यावरचा पत्ता आणि काट्यावरचं वजन, सगळं न थांबता एका दमात. कुरियरच्या पावतीवरचं वजन त्याच्याशी जुळलं की ‘रिकामं खोकं आलं’ या तक्रारीला उत्तर तयार. परताव्याच्या अटी मराठीत आणि हिंदीत, पैसे घेण्याआधी दिसतील अशा लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिनाभरात ती निकाली काढावी लागते.

परदेशात टॉवेल पाठवणाऱ्यांसाठी एवढंच: त्याला सीमापार व्यवहारांचा वेगळा परवाना असलेला ॲग्रिगेटर किंवा तुमची बँकच लागते, आणि ॲग्रिगेटरमार्फत एका व्यवहाराला २५ लाखांची मर्यादा आहे. ओळखीच्याच्या परदेशी खात्यात पैसे घेऊन इकडे आणायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ६ : मोठ्या ऑर्डरला एस्क्रो

एस्क्रोत घेणारा पैसे तिसऱ्याकडे ठेवतो, माल पोचल्याची खात्री झाली की ते विकणाऱ्याला सुटतात. जुन्या बिल्टीच्या पद्धतीला जवळ जाणारी हीच व्यवस्था. पण समोरच्याने सुचवलेली अनोळखी एस्क्रो वेबसाइट कधीही वापरू नका. चोरानेच ती उभी केलेली असू शकते. सेवा तुम्ही निवडा, खातं कोणत्या बँकेत आहे ते विचारा आणि त्या बँकेच्या शाखेत जाऊन खात्री करा. हे जमण्यासारखं नसेल तर टप्पे पाडा: ऑर्डरला थोडी रक्कम, नमुना पसंत पडल्यावर काही, माल गाडीत चढल्याचा बिल्टीचा फोटो आल्यावर काही आणि उरलेली पोचल्यावर.

पायरी ७ : गडबड झालीच तर

पहिला तास सगळ्यात मोलाचा. १९३० वर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जिथे सापडतील तिथे ते रोखण्यासाठीच ही यंत्रणा आहे. लाजेने किंवा घरचे रागावतील म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे पैसे तोवर काढून घेतले जातात. घरात कुणाचं असं झालं तर आधी फोन लावा, बोलणी मागाहून. त्याच वेळी बँकेलाही कळवा, तक्रार क्रमांक घ्या, मग सोलापूर शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जा.

तुमच्या परवानगीशिवाय खात्यातून पैसे गेले आणि चूक ना तुमची ना बँकेची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काहीही जबाबदारी येत नाही. चार ते सात दिवस लागले तर ती मर्यादित असते. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून चूक कुणाचीही असो, लवकर कळवण्यात फायदाच आहे. बँक किंवा पेमेंट कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

माल आला नाही किंवा वाईट आला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे निभावलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही सोलापूरच्या आयोगाकडे जाऊ शकता. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

मात्र पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. ठोक व्यवहार करणाऱ्यांनी म्हणूनच ऑर्डर घेतानाच लिहून घ्यावं: ॲडव्हान्स किती, माल कोणत्या तारखेला निघणार, खराब नग कोण बदलून देणार, परतीचं भाडं कुणाकडे. आणि आपल्याकडच्या जुन्या बिलबुकांवर खाली छापलेली असते ती ओळ ऑनलाइन बिलावरही टाकावी: ‘वाद उद्भवल्यास सोलापूर न्यायकक्षेत’.